दाराचा दगड

थंडी पडली की कोल्हापुरातला आमच्या घरासमोरचा रस्ता उसाचा होतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत गच्च भरलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी बांधलेला भोंगा असा काही वाजत असतो की माणसानं बोलणं थांबवून मुकाट चहा प्यावा. ट्रॉली गतिरोधकावर आदळली की चार-दोन ऊस रस्त्यावर पडतातच. मग सकाळी फिरायला निघालेले आमचे सभ्य लोक, मफलर-बिफलर गुंडाळलेले, आधी इकडं बघतात, मग तिकडं बघतात, आणि हळूच एक ऊस उचलून काखेत मारतात. मी गॅलरीतून बघत असते. "घ्या की, लाजताय काय!" असं ओरडावंसं फार वाटतं. पण शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी गॅलरीतून असं ओरडू नये म्हणून गप्प बसते.

जे ऊस कुणी उचलत नाही त्यांच्यावरून चाकं जातात. ऊन चढलं की त्या चिरडलेल्या उसाला एक आंबूस-गोड वास सुटतो, आणि तो वास आला की संपलंच. मी इथं भाकरी थापत असते आणि असते भलतीकडंच, गडहिंग्लजच्या खाली आमच्या गावात, जिथं एस.टी.तली माणसं तिकीट मराठीत मागतात आणि जागेवरून भांडतात कानडीत. मी सात-आठ वर्षांची असते. ओढ्यापलीकडच्या मळ्यात गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चाललेला असतो. आणि आमच्या रानात अजून ते दगडाचं घर उभं असतं. तव्यावरची भाकरी करपते तेव्हा मी परत येते.

घर म्हणजे तरी काय? काळ्या दगडाच्या चार मोठ्या फरशा उभ्या, आणि त्यांच्यावर एक आडवी, ती तर एवढी रुंद की तिच्यावर आम्ही पोरं ओळीनं झोपायचो. पुढच्या फरशीला मधोमध एक गोल भोक होतं. तेच दार. परातीएवढं. माझं डोकं आणि खांदे त्यातून आरामात आत जायचे. आत कायम थंड, वैशाखातसुद्धा, आणि ओल्या मातीचा वास. त्या भोकाला तोंड लावून "ओ" म्हटलं की आतून कुणीतरी माझ्यापेक्षा मोठं "ओ" देई. आमच्या कोंबड्यांना मात्र काही अप्रूप नव्हतं. त्या खुशाल ये-जा करायच्या आणि आत अंडी घालून ठेवायच्या.

गावात त्याला 'मोरेर मनी' म्हणत. मनी म्हणजे कानडीत घर. मोरेर कोण, तर फार पूर्वीची बुटकी माणसं, वीतभर उंचीची पण अंगानं ताकदवान. माझी आई, म्हणजे अव्वा, त्यांची गोष्ट सांगायची. एकदा म्हणे त्यांना कळलं की आता आगीचा पाऊस पडणार. मग सगळ्यांनी मिळून दगडाची घरं बांधली आणि आत जाऊन बसली. पाऊस पडला, थांबला, पण ती काही बाहेर आली नाहीत. "का गं अव्वा?" असं विचारलं की ती म्हणायची, "थांबला म्हणून त्यास्नी कुणी सांगितलंच न्हाय." मला त्याचं फार वाईट वाटे. मी भोकाशी जाऊन आत ओरडून सांगत असे, थांबलाय, या बाहेर.

गुऱ्हाळ सुरू झालं की पहिल्या काहिलीचा गूळ आधी त्या घराला, मग माणसांना, अशी गावाची रीत होती. काहिलीतला रस आटत आटत तांबडा व्हायचा, मोठमोठे फुगे धरायचा, गुळव्या बोटानं थेंब पाण्यात सोडून बघायचा आणि "चला!" म्हणून ओरडायचा. मग ती अख्खी काहील उलटायची आणि मळाभर असा वास सुटायचा की कुत्रीसुद्धा शेपट्या हलवत उभी राहायची. कोमट गुळाचा एक गोळा उसाच्या पानावर घेऊन अव्वा रानात यायची आणि भोकातून हात घालून आत ठेवायची. "खावा रे बाबांनो," एवढंच म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिथं मुंग्यांची लांबलचक रांग.

त्याच घराच्या सावलीत आम्ही गुंडूला ठेवला.

गुंडू माझा धाकटा भाऊ. पावसाळ्यात जन्मला, गोलमटोल होता म्हणून गुंडू. नीट पालथा पडायला शिकला आणि दिवाळीनंतरच्या गारठ्यात तापानं गेला. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, ज्याची त्याची माणसं ज्याच्या त्याच्या रानात. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दगडी घराला लागून खड्डा काढला. एका बाजूला एवढी मोठी भिंत आहे, कोल्हीकुत्री उकरणार नाहीत, असं ते म्हणाले. वर खूण ठेवली नाही. खूण कशाला हवी होती? घरच होतं की उभं.

त्या हिवाळ्यात अव्वा घरी अशी नव्हतीच. सकाळी भाकऱ्या बडवल्या की जायची आणि घराला पाठ टेकून बसायची. ज्वारी कणसावर आलेली असायची, पाखरं उतरायची, ती हाकलायचीही नाही. मी तिच्या शेजारी बसून मातीत चित्रं काढायची. ती बोलायची नाही. मला वाटायचं, हीसुद्धा आता आत जाऊन बसणार, आणि पाऊस थांबला म्हणून हिला कोण सांगणार? खोटं कशाला सांगू, मला तिचा रागही यायचा. मी होते ना बाहेर!

पुढच्या हिवाळ्यातही तेच. त्या साली नदीचं पाणी वर चढवून आमच्या रानांपर्यंत आणणार होते. सगळ्या गावाला उसाची स्वप्नं पडत होती. पाणी यायचं तर रान सपाट हवं. पण अण्णांच्या मनात निराळंच होतं. शेजारच्या शेतकऱ्याला बांधावर उभं राहून ते सांगत होते आणि मी ऐकत होते. म्हणाले, "घरच न्हाय म्हटल्यावर ती बसंल कुठं? येईल की माघारी." काय माणूस! बायको माघारी यावी म्हणून हजारो वर्षांचं घर पाडायला निघाला. आता मला हसू येतं.

संक्रांतीला त्यांनी अव्वाला माहेरी धाडली. मी अण्णांजवळ राहिले. दगड फोडणारी माणसं आली. त्यांनी घणानं सुरुवात केली, पण दगड दाद देईना. मग गुऱ्हाळावरून वाळलेली चिपाडं आणली, घराच्या आत-बाहेर रचली आणि पेटवून दिली. दुपारभर जाळ. भोकातून ज्वाळा बाहेर येत होत्या. मी लांब बांधावर उभी, आणि मला वाटत होतं, हाच तो आगीचा पाऊस, जरा उशिरा आला एवढंच. फरशा तापून लाल झाल्यावर त्यांच्यावर घागरींनी गार पाणी ओतलं. असा आवाज झाला की झाडावरचे बगळे उठले. वरची आडवी फरशी मधोमध दुभंगली. दाराच्या फरशीवर तेवढं अण्णांनी पाणी ओतू दिलं नाही, ती अखंड राहिली आणि त्यांनी ती बाजूला काढून ठेवली.

अव्वा परत आली ती हातात माहेरच्या तिळगुळाची दुरडी घेऊन तशीच रानात आली. रान हे असं सपाट. बांधापासून बांधापर्यंत नुसती माती. ती रडली-बिडली नाही. "कुठं?" एवढंच विचारलं. अण्णा चालत गेले आणि एके ठिकाणी उभे राहिले. "हितं." दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. अण्णा पुन्हा चालत गेले आणि उभे राहिले, पण ते कालचं ठिकाण नव्हतं. त्यांच्याही ते लक्षात आलं. मग खाली बघत म्हणाले, "हितंच कुठंतरी." सपाट झालेल्या रानात जागा सापडत नाही हे त्या भल्या माणसाला कुठं ठाऊक होतं!

बाकीचे तुकडे विहिरीच्या कठड्यात आणि बांधात गेले. दाराची फरशी अण्णांनी पाटात उभी केली, जिथून पाणी रानात शिरतं तिथं. मोटर सुरू केली की पाणी पाटातून फेसाळत यायचं, त्या गोल भोकातून बाहेर पडायचं आणि सऱ्यांत पसरायचं. दिसायला फार सुंदर. मी त्याची किती चित्रं काढली असतील! आमचा ऊस आला, आमचा गूळ झाला. त्या पहिल्या गुऱ्हाळाला अव्वा कोमट गुळाचा गोळा घेऊन आली आणि भोकाच्या खालच्या कडेवर ठेवून उभी राहिली. पाणी गोळ्याला चाटून जात होतं. गूळ हळूहळू बारीक झाला, पाण्यात एक तांबूस रेघ उमटली, लांबली, आणि पुढं सऱ्यांत मिसळून गेली. मला वाटलं ही पाण्याची पूजा. चांगला खायचा गूळ वाया घालवते म्हणून मी फुरंगटून बसले होते. बसवराज, माझा आताचा भाऊ, त्यानंतर झाला.

खरं काय ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही दरवर्षी गूळ पाण्यात का सोडतेस असं मी सहज विचारलं म्हणून. तेव्हा अव्वा विळीवर वांगी चिरत होती. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, तशी म्हणाली, "मी काय करतो? ते कुठं हाय ते मला ठावं न्हाय. पाणी सगळीकडं जातंय, पाण्याला घावंल." आणि चिरलेली वांगी पाण्यात टाकली. मी तिथंच तिच्यापुढं बसून राहिले. एवढी वर्षं ही बाई एका तान्ह्या पोराला गूळ भरवायचा म्हणून अख्खं रान गोड करत होती.

अण्णाही आता त्याच रानात आहेत, बांधाकडेला. त्यांची जागा पक्की, वर सिमेंटची चौकट आणि तुळस. एकदा मी अव्वाला छेडलं, "अण्णांना नाही ठेवत गूळ?" तर म्हणाली, "त्यास्नी शुगर हुती की गं."

यंदा मार्गशीर्षात बसूचा फोन आला. बसू म्हणजे बसवराजच. "अक्का, तू ये बाई. मी ठिबक करून घेतलंय, आता पाट बुजवाय लागलो तर अव्वा दाराच्या दगडापाशी जाऊन बसलीया. सकाळी जाती, सांजंला येती. काय बी बोलंना झालीया." पाठ टेकून बसलेली ती जुनी अव्वा डोळ्यांपुढं आली. ठिबक म्हणजे नळ्यांतून थेंब थेंब पाणी. पाट नको, मोकळं पाणी नको, आणि मग त्या दाराचंही काही काम नको.

नेमकी त्याच आठवड्यात एक गंमत झालेली. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी मला फोनवर एक जुनं चित्र पाठवलं होतं. इंग्रजांच्या काळात कुणी साहेब आमच्या भागात असले दगड बघत हिंडला होता, त्यानं काढलेलं. मी बघितलं आणि खुर्चीतच ताठ झाले. आमचं घर! चार फरशा, वरची आडवी, दाराचं भोक, मागं डोंगर, आणि शेजारी घोंगडी पांघरून काठी टेकून उभा असलेला एक माणूस, बहुतेक दगडाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. बाई म्हणाल्या, साहेबानं आतलं उकरून काढलं होतं, थोडी हाडं, मडकी, गंजकं लोखंड, आणि सगळं घेऊन गेला. म्हणजे अव्वानं, तिच्या सासूनं, आख्ख्या गावानं इतकी वर्षं गूळ ठेवला तो रिकाम्या घरात. घरातलं माणूस केव्हाच परदेशी नेलेलं. पण खरं सांगते, मला त्याची लाज वाटली नाही. पानावर वाढून ठेवलं की येणारा जेवला की नाही हे कोण बघत बसतं?

मला मात्र दुसरंच सुचलं. रेघ ओढणारा माणूस कुठं बसला होता हे रेघेवरून ओळखायला मी आयुष्य घालवलंय. साहेबानं डोंगर जरा फुगवलाय, पण डोंगराची ती खाच, दोन उंचवट्यांमधली, बरोब्बर आहे. खाच घराच्या डाव्या कोपऱ्यावर दिसते. मग जागा सापडायला हवी! आणि आत्ताच सापडेल, कारण आत्ता ऊस तुटलाय. एरवी आमच्या रानातून डोंगर दिसतच नाही, उभ्या उसात पुढचं माणूस दिसत नाही. रान मोकळं झालं की दोन-तीन महिन्यांपुरताच डोंगर परत येतो.

मी गेले तेव्हा धुकं नुकतं उठत होतं. अव्वा पाटातल्या दगडाला टेकून बसलेली, डोक्यावर पदर, पाय पसरलेले. तिच्या पायांशी कोरडा पाट. बसू लांब उभा राहून माझ्याकडं हात हलवत होता, म्हणजे तूच बघ आता. मी अव्वाला म्हटलं, "अव्वा, गुंडूची जागा शोधून देते. मग पाट असो नसो, तू तिथं जाऊन गूळ ठेवायचा." तिनं मान वर केली. इतकी वर्षं आमच्या घरात कुणी ते नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं.

फोन समोर धरून मी खोडव्यातून चालायला लागले. उसाची बुडखी पायाला टोचत होती. दोन पावलं मागं, एक डावीकडं, खाच उजवीकडं सरकली की परत. शाळेतली पोरं असती तर हसून लोळली असती. शेवटी डोंगर आणि चित्र एकमेकांवर बसले. "अव्वा, इथं! इथं घर होतं, आणि इथं भिंतीला लागून..." मी टाचेनं मातीत रेघ ओढली.

अव्वा हळूहळू आली, बसूच्या दंडाला धरून. मी दाखवलेल्या जागी उभी राहिली. खाली बघितलं. पायानं जरा माती सारखी केली. मग मान वर करून सगळ्या रानावरून नजर फिरवली, विहिरीपासून वरच्या कोपऱ्यापर्यंत. तो वरचा कोपरा म्हणजे अण्णांची कायमची डोकेदुखी. जरा चढाला, तिथं पाटाचं पाणी नीट चढायचंच नाही, ऊस नेहमी कमरेएवढाच. अव्वा सवड मिळाली की त्या कोपऱ्याच्या बांधावर जाऊन उभी राहायची, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

"हितं असंल बी," ती म्हणाली. "पर गौरे, आता नगं. एवढ्या वर्षांत केवढा झालाय त्यो. रानभर झालाय. आता परत एवढ्याशा जागंत कशाला घालतीस त्याला?"

मी फोन बंद केला. बसू, ज्यानं या भावाला पाहिलंही नव्हतं, तो उगाच नळी सरळ करत बसला. मग बोलायचं म्हणून मला सांगायला लागला, ही बघ अक्का, ही खताची टाकी, अजून कोरी हाय, खताचा दाणा गेलेला न्हाय, हिच्यात जे टाकशील ते पाण्याबरोबर प्रत्येक बुडख्याला सारखं जातंय. अव्वा एकदम वळली.

"वरल्या कोपऱ्याला बी?"

"वरल्या कोपऱ्याला बी. पयल्या सरीला जेवढं, शेवटच्या सरीला तेवढंच. चढ-उताराचं काय न्हाय त्यात."

ओढ्यापलीकडं अजून एक गुऱ्हाळ टिकून आहे. ती तिकडं चालायला लागली, एकटीच, बसूचा हात न धरता. परत आली तेव्हा उसाच्या पानावर कोमट गुळाचा गोळा, आणि सरळ टाकीशी. बसूच्या लक्षात आलं तसा तो किंचाळला, "अव्वा, आगं नळ्यास्नी मुंग्या लागतील! भोकं बुजतील! नवं हाय सगळं!"

"लागू द्यात. मुंग्या काय परक्या हायत?"

बसू माझ्याकडं बघायला लागला, मी आभाळाकडं. मग तो पुटपुटत घरात गेला, बादली आणली, धुतलेलं पांढरं उपरणं आणलं. गूळ पाण्यात कालवला, उपरण्यातून दोनदा गाळला आणि गाळलेलं पाणी स्वतःच्या हातानं टाकीत ओतलं. "मुंग्या लागल्या तर तू झाडायच्यास," असं दरडावलंही. आणि मोटर सुरू केली.

आवाज असा काहीच नाही. पाटाचं पाणी कसं बोलत यायचं. हे मुकं. नळ्या जराशा फुगल्या आणि प्रत्येक बुडख्यापाशी मातीवर एक काळा ठिपका उमटायला लागला. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. अव्वा चालत राहिली, सरीसरीनं, वरच्या कोपऱ्याकडं. मी मागं धावले. शेवटच्या सरीत ती खाली बसली, शेवटच्या नळीच्या शेवटच्या भोकाखाली बोट धरून.

"हितं कवाच पाणी चढलं न्हाय गं," ती म्हणाली. "एवढी वर्षं गूळ सोडला. पर जिवाला चैन पडायची न्हाय. वाटायचं, त्यो नेमका हितंच असला तर?"

पाटातला दगड अजून तिथंच आहे. कोरडा. बसूच्या कोंबड्या त्या भोकातून ये-जा करतात.

नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला, मोठा झाला आणि तिच्या बोटावर पडला. अव्वानं तो चाखला. डोळे मिटून थोडा वेळ जिभेवर ठेवला.

"पोचलं," म्हणाली.